भात डावीकडे

काल दुपारी ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालत होते, तर टॉवेलला जळक्या लाकडाचा वास आला. मला वाटलं, झालं, मशीन गेलं. श्रीकांतला हाक मारली. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. घरात काही बिघडलं की त्याचा चेहरा उजळतो. स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला. त्यानं मशीन हुंगलं, मागची भिंत हुंगली, मग खिडकीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. "मशीन नाही गं," म्हणाला. "आला."

आला म्हणजे धूर. आमच्या घरी त्याचं नाव घेत नाहीत. आम्ही देश सोडून बेलव्ह्यूला राहायला आलो तेव्हा इथे चारच ऋतू होते आणि त्यातले तीन पावसाचे. आता उन्हाळा सरत आला की पाचवा येतो. डोंगरांपलीकडे कुठेतरी जंगल पेटतं, वारा फिरतो आणि ते सगळं जळलेलं रान आमच्या गावावर येऊन बसतं. भर दुपारी दिवे लावावे लागतात. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, लाल भोपळ्याच्या फोडीसारखा दिसतो, आणि बघता येतं हेच मला आवडत नाही. सूर्यानं कसं, बघू देऊ नये.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज सुरू झालेत. 'हवेचा एक्यूआय बघितला का?' 'आजचा हाइक कॅन्सल केला यार.' 'ढोलाची प्रॅक्टिस इनडोअर घ्यायची का?' कुणी एअर प्युरिफायर कुठला चांगला ते विचारतंय. विचारू देत बापडे. माझा हात मात्र आपोआप ओट्यावरच्या कपाटाकडे गेला. तिथे वरच्या फळीवर एक काळा लाकडी ट्रे आहे, त्यावर पालथे घातलेले दोन वाडगे आणि एका वाडग्याचं झाकण. मी ट्रे खाली काढला आणि पुसायला घेतला. श्रीकांतनं बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर ठेवून दिला.

आमची सई शाळेत असताना पोहायला जायची, तेव्हापासूनची ही गोष्ट. क्लासवरून येताना तिला कडकडून भूक लागलेली असायची. वाटेत एक ड्रायक्लीनर आणि एक दाताचा डॉक्टर यांच्या मध्ये दबून बसलेली जपानी खानावळ होती. पाच टेबलं. मालकीण, आचारी, वाढपी सगळं एकच बाई, हारुको. मेनूकार्ड नाही, फळ्यावर तीन नावं आणि तिन्हींच्या शेवटी तोच एक शब्द, तेइशोकू. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय असतं? हारुको म्हणाली, ठरलेलं जेवण. सगळं एकदम येतं, निवडायचं काही नाही. "म्हणजे राइसप्लेट," श्रीकांत म्हणाला. इतक्या वर्षांत त्या शब्दाचं याहून चांगलं भाषांतर मला सुचलेलं नाही.

ट्रे यायचा. पुढच्या बाजूला भाताचा वाडगा आणि झाकणाचा सूपचा वाडगा. मागे मासा, म्हणजे मीठ लावून भाजलेला आपल्या बांगड्याचाच सख्खा भाऊ, शेजारी मुळ्याच्या किसाची चिमुकली टेकडी. एका वाटीत पालकाला तिळाचं कूट लावलेलं. दुसऱ्या वाटीत भोपळा, साखर घालून शिजवलेला. छोट्या बशीत लोणचं, पिवळ्याधमक मुळ्याच्या दोन चकत्या. दोनच. मी अलिबागची. बांगड्यावर मला कुणी काही शिकवायचं नाही. "माशाला तिखट नाही, आमटीला फोडणी नाही, लोणच्याला तेल नाही," मी म्हणायची, "आजारी माणसाचं जेवण गं हे." सई लाल व्हायची. "आई, स्टॉप इट. तिला ऐकू जातंय." "जाऊ दे की, मराठीत बोलतेय." पण हारुको लांबून अशी हसायची, की हिला मराठी येतं की काय असा मला संशय यायचा.

आणि तरी दर आठवड्याला जात राहिलो, ते का, हे मला एका दिवशी कळलं. सईनं गृहपाठाच्या वहीला जागा करायला सूपचा वाडगा उचलून डावीकडे सारला. हारुको भांडी विसळत होती, ती ओले हात पुसत आली, वाडगा उचलून होता तिथे उजवीकडे ठेवला आणि परत गेली.  मला माझी आईच आठवली. आई पान वाढायची तेव्हा मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी, आणि चटणी चुकून उजवीकडे गेली की हात धरायची. "डावं-उजवं कळत नाही का तुला?" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की तेच माझं नाव आहे असं मला लहानपणी वाटत असेल. हारुको मला त्या दिवशी आवडली. जेवणाची जागा ठरलेली असते असं मानणारं माणूस या देशात मला भेटलं, बरं वाटलं.

त्या खानावळीत कोपऱ्यातलं एक टेबल कायम मांडलेलं असायचं. ट्रे, भात, झाकलेलं सूप, मासा, सगळं. तिथे कुणाला बसू देत नसत. मी समजले, नमुना असेल, गिऱ्हाइकांना दाखवायला. असं करतात म्हणे ते लोक. मी परत कधी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंडळातल्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरकडे गेली, आमची जंगलाकडे. शिकली झाडांबद्दल आणि नोकरी धरली वणवा विझवायची. एका हळदीकुंकवाला एक काकू मला म्हणाल्या, "म्हणजे फायर ब्रिगेड का?" म्हटलं, नाही, जंगलातली. "अगंबाई! मग हौस म्हणून करते का?" म्हटलं, हो, तुमचा मुलगा जसा हौस म्हणून मीटिंगा करतो तशी. त्यांनी वाण घेतलं आणि उठल्या. पण रात्री उशीला डोकं टेकलं की मीच स्वतःला तेच विचारायची, मेली हौस म्हणून का करते ही?

सईनं मला समजावलं होतं. वणवा पाण्यानं विझवत नाहीत. आगीच्या वाटेतलं गवत, मुळं, पाचोळा सगळं खरवडून काढायचं, खालची नुसती माती दिसेपर्यंत. आग तिथपर्यंत येते आणि तिला पुढे खायला काही मिळत नाही. "बेसिकली, आई, आम्ही तिला उपाशी ठेवतो. तिच्यासमोर काही वाढून ठेवायचं नाही, बस."  मराठीत 'पुढ्यात काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक' असं आपण कधी म्हणतो, हे या पोरीला ठाऊक नव्हतं. तिनं आपलं ताटाचं मराठी ऐकलेलं, तेच आगीला लावलं.

एका वर्षी गणपती बोळवून झाले आणि तिला बोलावणं आलं. निघायच्या दिवशी आम्ही तिघं हारुकोकडे जेवलो. सईनं मासा असा साफ केला की काटा प्रदर्शनात ठेवावा. तिची जाड बुटं टेबलाखाली माझ्या पायाला लागत होती. "तिकडे नेटवर्क नसतं," ती म्हणाली. "फोन नाही आला तर घाबरायचं नाही, ओके? अननोन नंबरवरून फोन आला तर घाबर." आणि हसली. तिच्या बाबांसारखी हसते, आधी डोळे. मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस जेवताना. हारुकोनं जाताना तिच्या हातात भाताचे दोन मुटके दिले, कागदात गुंडाळून. "थँक्यू, हारुको मावशी," सई म्हणाली. ती सगळ्यांनाच मावशी करते.

मग पितृपक्ष लागला आणि पाठोपाठ धूर आला. दोन्ही एकदम. गाडीच्या काचेवर राख साचायला लागली, अंगाऱ्यासारखी बारीक. मी बोटानं रेघ ओढली आणि पटकन हात मागे घेतला. ही कुठल्या झाडाची राख? जिथे माझी मुलगी उभी आहे तिथलीच ना? ती राख मी वायपरनं पुसायची की काय करायचं, मला कळेना. मी तशीच गाडी दोन दिवस वापरली नाही.

आणि कावळे. बेलव्ह्यूला कावळ्यांना तोटा नाही. दर संध्याकाळी थव्यांनी जातात, आभाळ काळं होतं. पितृपक्षात मंडळातल्या बायका खूश असतात. "इंडियात मिळत नाही हो कावळा आता, इथे बघा, वाट बघत बसलेला असतो." मीही हसायची त्यावर. त्या वर्षी नाही हसले. माझी आई आजोबांसाठी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवायची. वाढलेलं, आणि समोर कुणी नाही. मी लहान असताना त्या पानासमोर जाऊन बसले होते, भूक लागली म्हणून, तर आईनं मला दंडाला धरून असं उठवलं की अजून आठवतं. "ते तुझं नाही. जो नाही त्याचं ते." म्हणजे आमच्याकडे हिशेब सरळ होता. वाढलेलं पान आणि समोर माणूस नाही, म्हणजे माणूस नाहीच.

म्हणून मी हारुकोवर ओरडले.

श्रीकांत म्हणाला होता, घरात बसून काय करणार, चल जेवून येऊ. खानावळीत धुरामुळे आम्ही दोघंच. हारुकोनं ट्रे आणला, माझ्यापुढे ठेवला. दुसरा श्रीकांतपुढे. मग आत गेली आणि तिसरा घेऊन आली आणि सईच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. भात, झाकलेलं सूप, मासा, मुळ्याच्या दोन चकत्या. जेवायच्या काड्या नीट आडव्या. मला काय झालं मला सांगता येत नाही. मी उभी राहिले. "हे काय आहे? काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!" आधी इंग्रजीत, मग मराठीत. "जिवंत आहे माझी मुलगी! पितृपक्ष चालू आहे आणि हिचं पान वाढतेस?" श्रीकांत माझा हात ओढत होता. "अगं, तिला काय माहीत आपलं..."

हारुको ट्रेच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. घाबरली होती, पण ट्रे काही उचलला नाही. मग म्हणाली, सईसाठीच आहे. आमच्या घरी माणूस लांबच्या प्रवासाला गेलं की घरी राहिलेल्यानं त्याचा ट्रे रोज लावायचा. तो तिकडे उपाशी राहू नये म्हणून. परत यायची वाट विसरू नये म्हणून. जो परत येणार त्याचाच लावतात.

मी खाली बसले. रडले, सांगायला लाज कसली. एकाच ताटाचे दोन अर्थ, आणि मी जगातला सगळ्यात वाईट तेवढा घेऊन आले होते. हारुको माझ्या शेजारी बसली आणि सईच्या सूपवरचं झाकण उचलून मला आतून दाखवलं. पाण्याचे थेंब धरले होते. असे थेंब असले की माणूस बरा आहे, ती म्हणाली. आणि कोरडं असलं तर? मी विचारलं. तिनं झाकण परत ठेवलं.

येताना तिनं मला हा काळा ट्रे दिला आणि वाडगे दिले.

घरी आल्यावर श्रीकांत म्हणाला, "गरम सूपवर झाकण ठेवलं की थेंब धरणारच. साधं फिजिक्स आहे." म्हटलं, "मग धरू दे की! तुझ्या फिजिक्सचं काय जातंय?" नंतर विचार केला, ज्या कुणा बाईनं ही रीत काढली तिला हे कळत नसेल? चांगलं कळत असणार. म्हणूनच काढली. तेव्हापासून मी सूप उकळी फुटलेलंच ओतायला लागले, आणि श्रीकांत, तोच फिजिक्सवाला, जेवायला बसण्याआधी हळूच झाकण उचलून बघायला लागला.

रोज दुपारी मी ट्रे लावायची. घरामागच्या लाकडी डेकच्या काचेच्या दाराशी आमचं जेवणाचं टेबल आहे, त्यावर, सईच्या जागी. सगळं हारुकोसारखं. मासा मीठ लावून भाजायची, तिखटाला हात न लावता. सईसाठी तेवढंही केलं. पालकाला तीळ. फक्त एका गोष्टीला माझा हात धजेना. हारुको भात डावीकडे ठेवायची. डावीकडे! अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो आणि भात डाव्या हाताला? डावीकडे चटणी ठेवतात. डाव्या हातानं आपण प्रसाद घेत नाही, कुणाला काही देत नाही. त्यांचं त्यांना लखलाभ, पण माझी मुलगी आगीच्या तोंडाशी उभी असताना मी तिचा भात डावा ठेवू? मी तो उचलून उजवीकडे ठेवला आणि सूप डावीकडे. वर मनात म्हटलं, सगळं उजवं होऊ दे बाई. रोज म्हणायची.

आणि दिवस वाईट होत गेले. आधी कॅम्पवरून कुणाच्या तरी फोनवरून तिचा एखादा मेसेज यायचा, 'ऑल गुड, लव्ह यू.' तो थांबला. टीव्हीवर नकाशात लाल डाग रोज थोडा पसरायचा. घरातसुद्धा घसा खवखवायचा. फायर अलार्म उगाचच एकदा वाजला आणि आम्ही दोघं जागच्या जागी गोठलो. मग एका सकाळी बातमी आली. वारा फिरला, आगीनं खरवडलेली पट्टी ओलांडली, एक तुकडी मागे अडकली. बहुतेक जण बाहेर आलेत. एकाचा पत्ता नाही. नाव सांगणार नाहीत, घरच्यांना कळवेपर्यंत.

घरचे म्हणजे आम्हीसुद्धा. श्रीकांत सईच्या ऑफिसचे नंबर फिरवत बसला. सगळे बिझी. मी स्वयंपाकघरात गेले आणि भात लावला. दुसरं काय करणार?

हारुकोनं बातमी ऐकली आणि खानावळ बंद करून आली. मास्क लावलेला, हातात डबा. दारातच मला मिठी मारली, ती कधी कुणाला हातसुद्धा लावत नाही. मी तिला आत आणलं, म्हटलं, बघ, रोज लावते हं मी, एक दिवस चुकवला नाही. तिनं टेबलाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. रंगच गेला. ती चालत गेली, भाताचा वाडगा उचलला, डावीकडे ठेवला. सूप उजवीकडे ठेवलं. दोन्ही हात वाडग्यांवर तसेच ठेवून उभी राहिली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही."

"हारुको, काय झालं ते सांग."

तिला सांगायचं नव्हतं. मी तिचं मनगट धरलं. मग ती म्हणाली, अगदी हळू, "भात उजवीकडे आमच्याकडे मेलेल्या माणसाला ठेवतात."

मला आठवतंय, फ्रिजचा आवाज येत होता. रोज. रोज मी स्वतःच्या हातांनी, 'उजवं होऊ दे' म्हणत. मी तिला म्हटलं, अगं, पण आमच्याकडे उजवं चांगलं असतं! जणू तिच्याशी भांडून जिंकले की ते सगळे दिवस परत लावता येतील. ती मान हलवत राहिली, हो, हो. तुला माहीत नव्हतं. आईनं वाढलंय, पोचतं ते. मला धीर देत होती. मला धीर नको होता, मला कुणीतरी पक्कं सांगायला हवं होतं. म्हणून मी विचारलं, "तुमच्या घरी कुणासाठी लावायचे?"

"भावासाठी. मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता. आई लावायची. आई गेल्यावर मी."

माझ्या डोळ्यांपुढे ते कोपऱ्यातलं टेबल आलं. भात डावीकडे, झाकलेलं सूप. सई तिसरीत असल्यापासून मी ज्याला नमुना समजत होते ते. "आणि मग तो..."

"अजून नाही," हारुको म्हणाली.

तिच्या तोंडावर दुःखबिःख काही नव्हतं. दुकान कधी उघडणार असं विचारल्यावर माणूस सांगतो तसं सांगितलं. ती सत्तरी ओलांडलेली बाई. म्हणजे ट्रे लावत राहिलं की माणूस मरत नाही, एवढं खरं. पण येतही नाही. ती गेल्यावर मी दारातच किती वेळ उभी होते कोण जाणे, धूर आत येतोय याचंही भान नव्हतं.

टेबलाशी परत आले तेव्हा काचेपलीकडे डेकच्या कठड्यावर कावळा बसला होता. एकटा. धुरात त्याचा रंगही धड काळा दिसत नव्हता. मान वाकडी करून ट्रेकडे बघत होता. मग खाली उतरला, चालत चालत काचेपाशी आला आणि चोच आपटली. टक. थांबला. परत टक.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की असलं काही मी मानत नाही. मी केरसुणी घेतली, दार सरकवलं आणि बाहेर गेले. "हाड! चल नीघ! इथे तुझं कुणी नाही!" तो दोन पावलं मागे सरकला, उडाला नाही. "भात डावीकडे आहे!" मी ओरडले. "नीट बघ, डावीकडे आहे! जिवंत माणसाचं आहे ते!" शेजारची बाई खिडकीतून बघत होती. बघू दे. मी केरसुणी फेकून मारली तेव्हा कुठे तो गेला, तोही फार लांब नाही, समोरच्या झाडावर.

आणि आत फोन वाजला.

स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता नंबर. अननोन नंबरवरून आला तर घाबर. मी दाराशी, श्रीकांत सोफ्याशी, फोन टेबलावर त्या ट्रेच्या शेजारी वाजतोय. मी म्हटलं, "नको उचलूस." खरंच म्हटलं. न उचलला तर ती अजून प्रवासातच राहील, हारुकोच्या भावासारखी, असं काहीतरी माझ्या मनात आलं. श्रीकांतनं उचलला. ऐकत राहिला. तो सईच्या खुर्चीवर बसला. मग फोन माझ्याकडे धरला.

"आई," खोकला. "इट्स मी. माझा फोन जळला. आय अ‍ॅम ओके." खोकला. "आई? रडू नको ना."

मी देवाला हात जोडले, कावळ्यालाही जोडले. हसले, श्रीकांतला मारलं, तो 'अगं, अगं' म्हणत होता. आणि मग, फोन ठेवल्यावर, एक थंडगार विचार आला आणि तो काही जाईना. एकाचा पत्ता नव्हता. ती सई नव्हती. म्हणजे दुसरं कुणीतरी होतं. त्याच वेळी कुठल्या तरी दुसऱ्या घरात फोन वाजत असणार, किंवा वाजायचा असणार.

दोन-तीन दिवसांनी ती घरी आली. भुवया करपलेल्या, आवाज घोगरा, नखांत काळं. आंघोळ केली तरी अंगाचा धुराचा वास गेला नाही. मी ट्रे लावला, भात डावीकडे, सूप उकळतं, आणि पहिल्यांदाच त्या ट्रेसमोर माणूस बसलं. मी आपली बघत राहिले. तिनं सूपवरचं झाकण उचललं, बाजूला ठेवलं, काड्या उचलल्या. खाली ठेवल्या.

"आई, अजून एक ट्रे लाव ना."

"कुणासाठी गं?"

"बेनसाठी."

बेनबद्दल तिनं पूर्वी सांगितलेलं होतं. तिच्याच वयाचा, तिच्याच तुकडीतला, सगळ्यांचं उरलेलं खाणारा. त्याला एकदा हारुकोकडे न्यायचं होतं तिला.  मी आमचंच एक ताट घेतलं, कारण दुसरा ट्रे नव्हता. वाटीत सूप ओतलं, मासा ठेवला, मुळ्याच्या चकत्या ठेवल्या, दोनऐवजी चार, खाणारा मुलगा म्हणून. मग भाताचा वाडगा हातात घेतला आणि माझा हात तिथेच थांबला. मला विचारणं भाग होतं. हारुकोकडे बारा-तेरा वर्षं जेवलेली मुलगी, तिला मी काय विचारतेय ते कळणार होतं, हेही मला माहीत होतं.

"सई," मी म्हटलं, "भात कुठे ठेवू?"

तिनं वर बघितलं नाही. श्रीकांत पाणी ओतत होता, तो थांबला. सईनं माझ्या हातातून वाडगा घेतला, क्षणभर ओंजळीत धरला आणि ताटात ठेवला. उजवीकडे.

मग ती जेवली. सगळं जेवली. मी ते दुसरं ताट डेकवर नेऊन ठेवलं, कठड्यापाशी, आणि दार लावून घेतलं. या वेळी मी कुणाला हाकललं नाही.

हे सगळं त्या वर्षीचं. यंदा धूर काल आला, पण सई त्याच्या आधीच गेलीय. थांबवून बघितलं. श्रीकांतनं थांबवलं, हारुकोनं थांबवलं, मी तर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिचं एकच, "आई, कुणाला तरी जावं लागतं ना." कुणाला तरी जावं लागतं हे मला मान्य आहे, ते कुणीतरी माझ्याच घरचं का, एवढंच मी विचारत होते. दारात बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती म्हणाली, "आणि हे बघ, भात डावीकडे. विसरू नको हं." हसली नाही, त्यामुळे मला कळलं की तीही मानते.

परवापासून मेसेज नाही.

आज दुपारी दिवे लावून मी ट्रे मांडला. मासा, पालक, भोपळा, मुळा. सूप उकळी फुटलेलं. भाताचा वाडगा डावीकडे ठेवला आणि एकदम शंका आली. मी टेबलाच्या अलीकडून उभी राहून वाढत होते. हे डावं माझं की तिचं? वाडगा उचलला, पलीकडे ठेवला, परत उचलला. एवढी साधी गोष्ट, पण मला उलगडेना. शेवटी वळसा घालून पलीकडे गेले, तिची खुर्ची ओढली आणि तिच्या जागी बसले. तिच्यासारखे दोन्ही हात ट्रेच्या कडेला ठेवले. माझा डावा हात भाताला लागला. गरम होता.

आता उठायला हवं, तिची जागा आहे ती. पण झाकण अजून उचललेलं नाही.